पांढऱ्या अक्षरांचे बाण

३ नोव्हेंबर, सोमवार

आज मी एक बाण काढला आणि तो नाहीसा झाला.

नीट लिहिते. दामिनी, माझी सून, आर्किटेक्ट आहे. कुडव्याच्या आमच्या घरातल्या समोरच्या खोलीत तिचं ऑफिस. आसपासच्या गावांतली घरं ती करते. मदतीला रेणू नावाची मुलगी होती, ती लग्न होऊन बालाघाटला गेली. कामं तुंबली तेव्हा मीच म्हटलं, मला शिकव, मी करते.

टिकेश हसला. "मम्मी, तुले मोबाइलवर फोटो पाठवता येत नाही अजून."

माझा मुलगा असा हसतो तेव्हा अगदी त्याच्या बाबांसारखा दिसतो, म्हणून राग येत नाही.

काम सोपं वाटलं होतं. कॉम्प्युटरवर घराचा नकाशा उघडायचा. खिडकी असेल तर खिडकीपासून एक रेघ बाहेर ओढायची. खिडकीकडच्या टोकाला बाण येतो, दुसऱ्या टोकाला शब्द लिहायचा. ह्याला लीडर म्हणतात. पण दामिनीला शब्द नको आहेत, नुसते बाण हवे आहेत. आणि सॉफ्टवेअरला ते मंजूर नाही. रेघ ओढली, काही न लिहिता बाजूला क्लिक केलं, की रेघ, बाण, सगळं गायब. मी सकाळभर बाण काढत होते आणि ते मावळत होते.

"ते तसंच आहे, मम्मी," दामिनी म्हणाली. "त्याले वाटते, सांगायचं काही नाही तर बोट कायले दाखवून राहिले?"

तिचा स्वतःचा पडदा काळा असतो, त्यावर पांढऱ्या रेघा, शाळेतल्या फळ्यासारखा. दिवसभर पांढऱ्याकडे पाहून डोळे जळतात म्हणते. मला मोतीबिंदूच्या ऑपरेशनपासून काळ्यावरचं नीट दिसत नाही, म्हणून माझ्या कॉम्प्युटरवर तिनं कागदासारखा पांढरा पडदा करून दिला. पोरगी तशी लक्ष ठेवणारी आहे.

हे सगळं शिकून किती दिवस कामी येणार, कोण जाणे. टिकेशची रायपूरला बदली झाली आहे. ईश्वरदासजी नावाच्या व्यापाऱ्यांना हे घर मुलाच्या दवाखान्यासाठी विकत हवं आहे. महिनाअखेर ते उत्तर घ्यायला येतील. रायपूरचा फ्लॅट सातव्या मजल्यावर आहे, लिफ्ट आहे, समोर बाग आहे, हे टिकेशनं मला सगळं सांगितलं. विचारलं मात्र काही नाही. दामिनीला जायचंच असेल. नवऱ्याबरोबर जायचं कोणाला नसतं?

५ नोव्हेंबर, बुधवार

रिकामे बाण कशाला, ते आज पाहिलं, तरी अजून पुरतं कळलं नाही.

दामिनीनं मला स्कूटीवर मागे बसवून दवनीवाड्याला नेलं. कार्तिक पौर्णिमा, गावात मंडईच्या जत्रेची गर्दी. नत्थूलाल नावाच्या शेतकऱ्याचं घर पाडून नवं बांधायचं आहे. छपरीत खाटेवर दामिनीनं नकाशा पसरला. नत्थूलाल पुढे सरकले, त्यांची बायको सुखवंता दाराशी पदर धरून उभी.

"म्याडम, मले विचारा," नत्थूलाल म्हणाले. "तिले का समजते नकाशातलं?"

दामिनीनं ऐकलंच नाही. एका रिकाम्या बाणावर बोट ठेवून म्हणाली, "काकू, इथं काय?"

सुखवंता वाकली. "ह्यात त काही लिवलंच नाही जी."

"हो न. तुम्हीच सांगा."

मग दामिनी गप्प बसली. इतका वेळ गप्प बसली की मलाच अवघडल्यासारखं झालं. मंडईतले भोंगे वाजत होते.

शेवटी सुखवंता म्हणाली, "इथं मोरी नोको. मोरी इथं ठेवली त पाणी सांदवाडीतल्या भाजीले कसं जाईन? लग्न झालं तवापासून मी बादल्या उचलून मागं नेऊन राहिली."

"मले कधी सांगतलं नाहीस," नत्थूलाल म्हणाले.

"तुमी कवा इचारलं जी?"

सगळे हसले, नत्थूलालही हसले. त्यानंतर सुखवंता थांबेचना. धानाची ढोली कुठं, चूल कुठं, म्हाताऱ्या सासूची खाट कुठं. दामिनी पेन्सिलीनं एकेका बाणापुढे तिचेच शब्द लिहीत गेली.

परतताना म्हणाली, "छापलेलं असलं की बाया बोलत नाहीत, मम्मी. त्यांना वाटते, वरून ठरून आलं. रिकामा बाण दिसला की विचारतात."

मला आमचं घर बांधतानाचे दिवस आठवले. तेव्हा कुडव्यात इथं सगळी भाताची शेतं, धानाची बांधी होती. मिस्त्री सगळं ह्यांना विचारायचा. टिकेशचे बाबा उमेंद्र शाळेतले मास्तर, त्यांना उत्तर द्यायला आवडायचं. मी चहा आणून ठेवायचे. स्वयंपाकघराची खिडकी पूर्वेला असावी असं मला फार वाटत होतं. ती पश्चिमेला आली.

८ नोव्हेंबर, शनिवार

शब्दाच्या जागी नुसता एक ठिपका टाइप करून पाहिला. बाण टिकला! मी टाळी वाजवली.

दामिनीनं छापून पाहिलं. "मम्मी, हे माशी बसून गेल्यासारखं दिसून राहिलं. नत्थूलालकाका म्हणतील, ठिपक्याचं काय बांधायचं?"

दुपारी मला अक्षरांचा रंग बदलायची जागा सापडली. ठिपका पांढरा केला. पांढऱ्या कागदावर पांढरा ठिपका कोणाला दिसणार? पडद्यावर नाही, कागदावर नाही. बाण तेवढा राहतो, स्वच्छ.

दामिनी म्हणाली, "वा! हे मले नव्हतं सुचलं." मला शाळेत बक्षीस मिळाल्यासारखं झालं. नागपूरच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर फिलोमिना शिवणाच्या तासाला म्हणायच्या, टाका उलट्या बाजूनंही नीट दिसला पाहिजे, कारण गॉड दोन्ही बाजू पाहतो. माझ्या ठिपक्यांना उलटी बाजूच नाही.

११ नोव्हेंबर, मंगळवार

ठिपक्याची एक अडचण आहे. बाण हलवायचा झाला तर त्याला माउसनं धरावं लागतं, आणि न दिसणारा ठिपका माझ्या हाती लागत नाही. शब्द मोठा असला तर अंदाजानं धरता येतो. म्हणून ठिपक्याऐवजी पांढऱ्या रंगात शब्द टाकायला लागले.

आधी फळांची नावं टाकली. सुखवंताच्या घराला आंबा, पेरू, सीताफळ, रामफळ. फळं संपल्यावर शाळेतल्या मैत्रिणी. स्वयंपाकघराच्या बाणाशी आले तेव्हा कोणाचं नाव आठवेना. मग लिहिलं, "मला खिडकी पूर्वेला हवी होती."

छापून पाहिलं. कोरा बाण. मला उगाच हसू आलं.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

हे खूळ वाढत चाललं आहे. पण कोणाचं काय जातं?

शाळेत चॅपलच्या एका कोपऱ्यात लाकडी खोपट होतं. कॅथलिक मुली शनिवारी आत जाऊन जाळीपलीकडे बसलेल्या फादरांना काय काय सांगायच्या आणि बाहेर येऊन लगेच लगोरी खेळायच्या. आम्ही हिंदू मुली मागच्या बाकावर बसून बघायचो. मला त्यांचा हेवा वाटायचा. पुढे सासरीही सांगायला देव होता, पण देवघरात सासू, जावा, सगळ्यांचं येणंजाणं.

तर आज सुखवंताच्या नकाशात मी लिहिलं, "दामिनी चहात फार आलं घालते. मला आलं आवडत नाही. कधी बोलले नाही." दुसऱ्या बाणाला, "टिकेश रायपूरचा फोन आला की पाठ फिरवतो." तिसरा बाण धानाच्या ढोलीवर होता. त्याला लिहिलं, "मला रायपूरला जायचं नाही."

लिहून झाल्यावर मागे वळून दार पाहिलं. पडद्याकडे पाहिलं तर काहीच नाही, पांढऱ्यावर पांढरं. मग बरं वाटलं. संध्याकाळी फाइल नेहमीप्रमाणे दामिनीकडे तपासायला दिली.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

चहात आलं नव्हतं.

१७ नोव्हेंबर, सोमवार

आजही नाही. संपलं असेल म्हणून टोपली पाहिली. आल्याचा मोठा गड्डा तिथंच होता.

"दामिनी, आलं घालायचं विसरलीस का?"

"नाही, मम्मी. सहजच."

तिची नजर माझ्या चेहऱ्यावर जरा जास्त वेळ राहिली. पित्त झालं असेल तिला. विचारायला हवं.

रात्रीच्या जेवणात टिकेशचा फोन वाजला. तो उठून अंगणात निघाला तर दामिनी म्हणाली, "इथंच बोल न. मम्मीसमोर बोलायले काय होते?" टिकेशनं मला पाहिलं, तिला पाहिलं, आणि फोन बंद करून ठेवला. मला फार कानकोंडं झालं. माझ्यावरून भांडू नये त्यांनी.

आणखी एक नवल. भाजी चिरत होते तर ही टेप घेऊन आली आणि स्वयंपाकघराची पूर्वेकडची भिंत मोजू लागली.

"कशाला गं?"

"पाहून राहिली."

विकायच्या घराची भिंत कोण मोजतं? ईश्वरदासजींनी सांगितलं असेल. दवाखान्याला मोठी दारं लागतात.

२० नोव्हेंबर, गुरुवार

आज घरात शांतता आहे, चांगली नाही.

दामिनीनं केशोरीच्या बायकांच्या बचत गटाचं काम घेतलं. सभागृह आणि कोठार बांधायचं आहे, दोन हंगाम तरी चालेल. केशोरी तिच्या माहेराजवळ. कामाची बातमी सांगताना तिचा चेहरा दिव्यासारखा होता. टिकेश ताटावरून उठला नाही, पण जेवलाही नाही.

"रायपूरवरून येऊन करशील का?" तो म्हणाला.

"बघू न."

"बघू म्हणजे काय? तू हो म्हटलं होतं."

"मी काही म्हटलंच नव्हतं. तू सांगितलं, मी ऐकलं."

मला दोघांचं काही समजेना. रायपूरला जायचं तर केशोरीचं काम घ्यायचं कशाला? रोज येणार कशी? पुन्हा वाटलं, मोठ्या शहरात मोठी कामं मिळतील म्हणून तिला घाईच असेल, आणि हे एक शेवटचं काम माहेरच्यांसाठी. पण मग भांडण कशाचं?

दुपारी बाण टाकत असताना मनातलं लिहून टाकलं. "दामिनी इथं कंटाळली असावी. तिला माझ्यापासून सुटका हवी असेल तर त्यात वाईट काही नाही. मीही नवी सून असताना असंच म्हणायचे." फाइल तिला दिली आणि वाती करायला बसले.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळी दामिनी ऑफिसातून तरातरा स्वयंपाकघरात आली. डोळे लाल.

"मी कंटाळली म्हणून कोणं सांगितलं तुम्हाले?"

माझ्या हातातली उलथनी तशीच राहिली. "मला? कोणी नाही."

"सुटका! कायची सुटका? मले आई नाही, माहीत आहे न तुम्हाले? लग्न होऊन आली तवा तुम्ही माझ्या डोक्याले तेल लावून देत होत्या. मी सुटका मागीन?"

आणि रडत निघून गेली. पोळी जळाली.

मी हा शब्द कोणापुढे काढला? टिकेशपुढे? नाही. शेजारच्या निर्मलाबाईंपुढे? त्या तर मंडईपासून माहेरी आहेत. झोपेत बोलले असेन का? सिस्टर फिलोमिना म्हणायच्या, तुझा चेहरा पाटीसारखा आहे, सगळं लिहिलेलं दिसतं. तेच खरं असावं. आता तिच्यासमोर चेहरा सांभाळून राहायला हवं.

संध्याकाळी तेलाची वाटी घेऊन तिच्याजवळ गेले. ती खाली बसली. केस किती विरळ झालेत पोरीचे.

२४ नोव्हेंबर, सोमवार

शब्द लिहायचं बंद केलं. चेहऱ्यावर काय उमटतं ह्याचा भरवसा नाही, मग मनात तरी कशाला काढायचं? पुन्हा ठिपके टाकते. हलवायला त्रास होतो तो होऊ दे.

दामिनीनं दोन दिवस माझ्या फाइली तपासल्या आणि काही बोलली नाही. आज दुपारी मात्र खुर्ची ओढून माझ्याजवळ बसली.

"मम्मी, एक नकाशा आहे. ह्यात बाण तुमच्या मनानं टाका."

पाहते तर आमचंच घर. सगळ्या खोल्या, ओटा, अंगण, मागचा पेरू. मोजमापांसकट सुंदर काढलं होतं.

"ईश्वरदासजींनी मागितला का?"

"त्यांना दाखवायचाच आहे."

"पण बाण कुठं टाकू? तू खुणा करून दे, नेहमीसारख्या."

"नाही. कुठं टाकायचे ते तुम्हीच ठरवा."

"आणि शब्द?"

"तुमची मर्जी," म्हणाली. मग लगेच उठली, चहा ठेवते म्हणून. आता बिनआल्याचा चहाच मिळतो ह्या घरात. टिकेश कुरकुर करतो.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

परीक्षेला बसल्यासारखं वाटतं. ईश्वरदासजींना काय पाहायचं असेल? त्यांच्या सोयीचे बाण आधी टाकले. नळ, बोअरवेल, विजेचा मीटर. पण मनासारखं होईना. ते सगळे काढून टाकले.

मग जिथं जिथं हात थांबला तिथं टाकत गेले. ओट्याचा कोपरा, जिथं हे शाळेतून येऊन सायकल टेकवायचे. न्हाणीघराची पायरी, टिकेश पडून कपाळाला खोक पडली ती. पेरू. पश्चिमेची ती खिडकी, जिच्यातून दुपारी ऊन भाकरीवर यायचं. समोरच्या खोलीत दामिनीच्या टेबलावर एक बाण टाकला. का टाकला, सांगता येणार नाही. दिवसातून किती वेळा मी त्या दारातून डोकावते, एवढंच. सगळ्यांना पांढरे ठिपके. एकही शब्द नाही.

दामिनीनं नकाशा तिच्या पडद्यावर उघडला आणि पुष्कळ वेळ बघत बसली.

"सगळे ठिपकेच आहेत," ती म्हणाली.

"हो गं. तुला कसे दिसले?"

"अंदाजानं." मग हळू आवाजात, "मम्मी, इथं माझं टेबल आहे."

"चुकला का बाण? काढू?"

"नाही. राहू द्या."

३० नोव्हेंबर, रविवार

आज जे झालं ते कसं झालं, मला अजून उमगत नाही. झालं तसं लिहिते.

ईश्वरदासजी सकाळी आले. भला माणूस, पायातले जोडे बाहेर काढून आत येतो. टिकेशनं बेसनाचे लाडू ठेवले, बोलणी सुरू झाली. दामिनीनं नकाशा छापून टीपॉयवर आधीच पसरून ठेवला होता. ती भिंतीला टेकून उभी राहिली, हाताची घडी घालून.

ईश्वरदासजींनी चष्मा लावला. "बहूरानी, ये तीर किस चीज के हैं? लिखा तो कुछ है नहीं."

दामिनीनं माझ्याकडे पाहिलं. "मम्मीजी ने लगाए हैं. उन्हीं से पूछिए."

"हाँ माताजी, बताइए. ये क्या है?"

त्यांचं बोट ओट्याच्या कोपऱ्यावर होतं. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं, घर घेणाऱ्याला असतंच. मी म्हटलं, "यहाँ साइकिल टिकती थी." त्यांना वाटलं, पार्किंग. मी म्हटलं, नहीं, टिकेश के पिताजी की. दुसरा बाण, तिसरा बाण. मी सांगत गेले. माझं हिंदी शाळेतलं, पुस्तकी, तरी थांबले नाही. टिकेश म्हणाला, "मम्मी, हे कायले सांगून राहिली त्यांना?" पण पायरीच्या बाणाशी आल्यावर त्याचा हात आपोआप कपाळाकडे गेला.

"और ये खिड़की?"

"ये मुझे पूरब में चाहिए थी. किसी ने पूछा नहीं था."

"और ये वाला? इस कमरे में?"

ते दामिनीचं टेबल. मला म्हणायचं होतं, यहाँ बहू का ऑफिस है. खरंच तेवढंच म्हणायचं होतं. पण दामिनी भिंतीशी उभी होती, ओठ घट्ट मिटून, अगदी दाराशी उभ्या असलेल्या सुखवंतासारखी. केशोरीचं काम मिळालं तेव्हाचा तिचा चेहरा, भिंत मोजणारी टेप, 'मी काही म्हटलंच नव्हतं', सगळं एकाच वेळी डोळ्यांपुढे आलं. इतके दिवस मी समजत होते की तिला जायचं आहे!

मी म्हटलं, "यहाँ मेरी बहू बैठती है. उसे रायपुर नहीं जाना. मुझे भी नहीं जाना. पर मेरी बात छोड़िए, पहले इससे पूछिए."

दामिनीनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

ईश्वरदासजींनी चष्मा काढून खिशात ठेवला. "टिकेश बेटा," ते म्हणाले, "मकान बाद में. पहले घर में बात कर लो." लाडू तसाच ठेवून गेले. मी पुडीत बांधून द्यायचं विसरले, त्याची आता रुखरुख लागली आहे.

ते गेल्यावर टिकेश ओरडेल असं वाटलं. तो नकाशाकडे पाहत बसला.

"सगळे सांगून राहिले," तो म्हणाला. "मले कोणी विचारलं?"

"तुला तर जायचंच आहे," मी म्हटलं.

"हो, आहे!" त्याचा आवाज चिरकला. "मले लहानपणापासून जायचं होतं इथून. बाबा म्हणाले, शिक्षण इथंच. मग म्हणाले, नोकरी जवळची. मग बाबा गेले, त तुले सोडून कसं जाऊ? बदली कोणं केली नाही माझी. मीच अर्ज करून मागून घेतली. तुमाले सांगायची हिंमत नव्हती म्हणून बदली म्हटलं."

मी त्याला जन्म दिला, आणि हे मला माहीत नव्हतं. त्याच्या बाबांनाही नसावं. की असावं?

दामिनी त्याच्याशेजारी जाऊन बसली. "मले तरी सांगायचं होतं न," ती म्हणाली.

"तू त दवनीवाड्याच्या बायांना विचारत फिरत राहते."

ती हसली की रडली, कळलं नाही. मी स्वयंपाकघरात गेले. त्यांना बोलू द्यावं.

२ डिसेंबर, मंगळवार

दोन दिवस बोलणं चाललं आहे त्यांचं, कधी हळू, कधी जोरात. मला बोलावलं की जाते. ठरलं ते असं. टिकेश रायपूरला जाणार, शुक्रवारच्या गाडीनं येणार. दामिनी केशोरीचं काम करणार. घर विकायचं नाही. पुढच्या वर्षी पुन्हा तिघांनी बसायचं.

कोणीच पुरतं खूश नाही. टिकेशला एकट्यानं राहायचं नव्हतं. दामिनी कालपासून त्याचे शर्ट पुन्हा पुन्हा इस्त्री करते आहे. हे बरोबर झालं की चूक, मला सांगता येत नाही. पूर्वी घरात कोणी बोलत नव्हतं तेव्हा जेवण तरी वेळेवर व्हायचं.

आज मिस्त्री येऊन पूर्वेच्या भिंतीवर खडूनं चौकट आखून गेला. खिडकी होणार म्हणे. खिडकीबद्दल मी रविवारीच तोंड उघडलं, आणि दामिनीनं भिंत तर पंधरवड्यापूर्वी मोजली. आधी कधी बोलले असेन. वय झालं, आठवत नाही.

१४ डिसेंबर, रविवार

टिकेश आज गेला.

स्टेशनवर आम्ही दोघी गेलो. धुकं इतकं की गाडीचा दिवाच आधी दिसला. त्यानं दामिनीशी काय बोलायचं ते आधीच बोलून घेतलं असावं, कारण ते दोघं नुसते उभे होते, तिच्या शालीचं टोक त्याच्या हातात. पोरगा बारीक झाला आहे. मी डबा दिला, पाण्याची बाटली दिली, गरम बनियन घालायला सांगितलं. आणखी काय सांगणार?

गाडी हलायच्या आधी तो दारातून वाकला आणि माझ्या हातात एक चावी ठेवली.

"फ्लॅटची," म्हणाला.

"मला कशाला? मी कुठं येणार आहे? दामिनीला दे."

"तिले दिली. ही तुझी."

"अरे, पण मी..."

"ठेव न, मम्मी."

गाडी गेली. मी दामिनीला विचारलं, जो येणार नाही म्हणाला त्याला कोणी चावी देतं का? तिनं माझा हात धरून पुलाच्या पायऱ्या चढवल्या.

घरी आल्यावर ती चावी कुठं ठेवावी, सुचेना. देवघरात ठेवली, मग काढून कपाटात ठेवली, मग तिथूनही काढली. शेवटी कमरेच्या जुडग्यात कोठीच्या चावीशेजारी अडकवली. नवी असल्यामुळे तिला धार आहे. चालताना टोचते.